पांढऱ्या पाटीची

किन्हवलीच्या नाक्यावर उतरून कुणालाही विचारा, भाड्याने गाडी मिळेल का. तो आधी तुम्ही कुणाकडचे पाहुणे ते विचारील, मग हात करील. "त्या चिंचेखाली बघा. भाऊची हाय." तिथे दुकान नाही, फलक नाही, दरपत्रक नाही. चिंचेखाली एक बोलेरो उभी असते, तोंड रस्त्याकडे करून. भाऊ तिला कधीच तोंड आत करून लावत नाहीत. कितीही उशीर होवो, कितीही पाऊस असो, परत आल्यावर आधी गाडी वळवायची, उलटी आत घ्यायची आणि मगच हातपाय धुवायचे. रात्री-अपरात्री कुणी दार वाजवलं तर वळवण्यात दोन मिनिटं जायला नकोत, म्हणून. या गाडीची माझी ओळख या सवयीपासून सुरू झाली.

ती २०१२ ची. भाऊंनी २०१६ साली भिवंडीच्या एका ठेकेदाराकडून घेतली. नंबर एमएच-०४ चा, म्हणजे ठाण्याचा. रंग पांढरा, पण तो आरसी बुकात. पावसाळ्यात ती खिडक्यांपर्यंत तांबडी असते. फाल्गुन-चैत्रात शेतात राब भाजायला लागले की टपावर राखेचा थर बसतो, आणि शाळेची पोरं त्यावर बोटांनी नावं लिहितात. पुढच्या काचेवर 'एकवीरा आई प्रसन्न'. मागच्या काचेवरची अक्षरं आधीच्या मालकाची होती, भाऊंनी ती खरवडून काढली तरी ऊन पडलं की पुसट दिसतात. नंबरप्लेट पांढरी, त्यावर काळी अक्षरं. आमच्याकडे नंबरप्लेटला पाटी म्हणतात. या गोष्टीत पाटीचा रंग महत्त्वाचा आहे, तो लक्षात ठेवा.

महिंद्राने बोलेरो २००० साली बाजारात आणली. ती नाशिकला तयार होते आणि कंपनीचा इंजिनांचा कारखाना इगतपुरीला आहे. कसारा घाट उतरला की आमचा शहापूर तालुका, त्यामुळे ही गाडी आम्हाला शेजारच्या गावच्या सुनेसारखी, फार परकी कधी वाटली नाही. खाली ट्रकसारखी पोलादी चौकट, तिच्यावर बसवलेली पेटीसारखी बॉडी, जोर मागच्या चाकांना. मागे समोरासमोरच्या दोन बाकड्या, तिथे बसलेल्यांचे गुडघे एकमेकांना लागतात. शहरातल्या माणसाला ती खडखडते, उडवते. पण चिखलात रुतली तर चार माणसांनी ढकलून निघते आणि पत्रा वाकला तर नाक्यावरचा वेल्डर हातोड्याने सरळ करतो. आमच्या रस्त्यांना असलीच गाडी लागते.

हिला चार खोडी आहेत. डावं मागचं दार जरा उचलून लावावं लागतं, नाहीतर लागल्यासारखं वाटतं आणि लागत नाही. ड्रायव्हरशेजारची काच खाली गेली की तळव्यांनी दाबून वर ओढावी लागते. थंडीत चावी अर्धी फिरवून, समोरचा नारिंगी दिवा विझेपर्यंत गप्प बसायचं. घाई केली की ती खोकते आणि बंद पडते. आणि दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना तिला जरा उसंत द्यावी लागते. चावी देताना भाऊ हे सगळं दर वेळी नव्याने सांगतात, समोरच्याने ती दहा वेळा नेलेली असली तरी.

त्याआधी ते तीन प्रश्न विचारतात. कुठं जायचं, कोण कोण आहे, आणि चालवणार कोण. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर पटलं नाही तर काही बोलत नाहीत, स्वतःच चप्पल घालतात.

डिझेल नेणाऱ्याचं. टाकीचा काटा जिथे होता तिथे आणून द्यायचा. वर भाड्याचा आकडा, तो गावाला पाठ आहे. आसनगाव स्टेशनचा वेगळा, मुरबाडचा वेगळा, मुंबईचा वेगळा, लग्नाच्या दोन दिवसांचा वेगळा. अनामत रक्कम कुणी कधी दिली नाही, कुणी मागितली नाही. करार म्हणाल तर गाडीच्या कप्प्यात आरसी, विम्याची प्रत, पीयूसी आणि हळदी-कुंकवाची पुडी यांच्याबरोबर एक दोनशे पानी वही आहे. तिच्यात भाऊंच्या वळणदार अक्षरात एकेक ओळ: 'हळद, दोन दिवस. अर्धे आले. बाकी भात विकल्यावर.' 'टिटवाळा, अंगारकी. पूर्ण.' 'वाशिंद, मुलगी बघायला. पूर्ण. जमलं.' तो शेवटचा 'जमलं' हा शब्द हिशेबाचा नाही, पण भाऊंना तो लिहावासा वाटला. ही वही उलटी करून मागच्या बाजूनेही लिहिलेली आहे. त्या पानांकडे मी नंतर येतो.

शहरात गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीकडून मी दोनदा गाडी घेतली आहे. तिथला मुलगा मोबाईल घेऊन गाडीभोवती फिरतो आणि आधीच्या प्रत्येक ओरखड्याचा फोटो काढतो, म्हणजे नवा ओरखडा कुणाचा यावर वाद नको. रीत चांगली आहे. आमच्या बोलेरोचे ओरखडे मात्र गावाला तोंडपाठ आहेत. उजव्या दारावरची लांब रेघ म्हशाच्या जत्रेतली. पौष पौर्णिमेला तिथे जनावरांचा बाजार भरतो, त्या गर्दीत एका बैलाचं शिंग लागलं. मागच्या बंपरचा पोचा कार्ल्याला, एकवीरेच्या पायथ्याशी गाडी मागे घेताना पडला. टपावरचे दोन खड्डे हळदीच्या मांडवाच्या बांबूंचे. कुणी केलं हे सगळ्यांना माहीत आहे, करणाऱ्याने ते त्याच संध्याकाळी येऊन सांगितलं आहे, आणि भाऊंनी त्यातला एकही अजून भरून घेतलेला नाही.

किन्हवलीहून एक रस्ता शहापूर-आसनगावकडे जातो, मुंबई-आग्रा महामार्गाला आणि लोकलला भिडतो. दुसरा सरळगावला जातो, तिथून एका अंगाला मुरबाड-कल्याण आणि दुसऱ्या अंगाला टोकावडे, माळशेज. आजूबाजूच्या पाड्यांतून या दोन रस्त्यांपर्यंत पोचणं हाच इथल्या माणसाचा अर्धा प्रवास असतो. एसटी आहे, पण ती तिच्या वेळेला. रिक्षा आणि शेअरच्या जीप आहेत, पण त्या दिवसा, आणि सीटा भरल्यावर. ज्याला आपल्या वेळेला, आपल्या माणसांसकट, आपल्या दारातून निघायचं आहे त्याला चिंचेखालीच यावं लागतं. गाडी भाड्याने देणारी कंपनी किन्हवलीत कशाला येईल? अशा कंपन्यांसाठी केंद्र सरकारची १९८९ ची योजना आहे. तिच्याप्रमाणे परवाना हवा तर मालकाकडे किमान ५० गाड्या हव्यात आणि त्यांतल्या निम्म्या वातानुकूलित हव्यात. गोव्याला गेलेल्यांनी त्या गाड्या पाहिल्या असतील, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं. चालक न देता गाडी भाड्याने द्यायची तर कायद्याला ती काळी पाटी लागते. ती योजना लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे विमानतळ आणि पर्यटक असणार. एक बोलेरो, दोन एकर भात आणि थोडे वाल-हरभरे असलेला माणूस त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हता.

तिचं वर्ष शेताच्या वर्षाला बांधलेलं आहे. मृगाआधी बी-बियाणं आणि खताच्या गोण्या. लावणीच्या दिवसांत बायामाणसं, सकाळी अंधारात भरायची आणि चिखलाने माखलेली परत आणायची. त्या महिन्यात सीटवर प्लास्टिकचा कागद असतो. गणपतीत आसनगावच्या फेऱ्या, मुंबई-ठाण्याला राहणारे आमचे लोक मांडीवर मूर्ती घेऊन येतात आणि खड्डा आला की सगळी गाडी एकदम "हळू!" म्हणते. दिवाळीनंतर भाताची कापणी-झोडणी, तेव्हा ती विश्रांती घेते. मग पौषात म्हसा, तिथून येताना मागे घोंगड्यांचा गठ्ठा. मार्चात दहावीची पोरं परीक्षेच्या केंद्रावर. या फेरीचं भाडं भाऊ सगळ्या पालकांत मिळून एकच घेतात आणि वहीत पोरांची नावं लिहून ठेवतात. निकाल लागला की त्या नावांपुढे टक्के लिहितात. एप्रिल-मे लग्नांचा. तेव्हा ती चिंचेखाली दिसतच नाही, तिच्या जागी तेलाचा एक काळा डाग दिसतो.

२०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. सरकारने तेव्हा खासगी बस, शाळांच्या बस, कंपन्यांच्या बस, इतकंच काय मालवाहू गाड्यांनाही प्रवासी नेण्याची तात्पुरती मुभा दिली होती. चिंचेखालच्या गाडीचं नाव त्या यादीत नव्हतं. तिने ते पाच-साडेपाच महिने कसे काढले ते मात्र मी पाहिलं. कॉलेजची पोरं, डायलिसिसला जाणारे एक आजोबा, कल्याणला कामाला जाणाऱ्या दोन नर्स. पुढचे दोन टायर त्या हिवाळ्यात गोटा झाले. भाऊंनी ते बदलले आणि दर वाढवला नाही. संपकऱ्यांवरही त्यांचा राग नव्हता. त्यांचा मेहुणाच एसटीत कंडक्टर होता.

आता त्या रात्रीबद्दल, कारण ती सांगितल्याशिवाय ही गाडी तुम्हाला कळणार नाही.

भाद्रपदातली रात्र, शेतं गुडघाभर भाताने भरलेली. एका पाड्यावर नऊ वर्षांचा मुलगा घरात खाली झोपला होता. मध्यरात्रीनंतर तो उठला, पोटात दुखतंय म्हणाला, मग डोळे उघडता येत नाहीत म्हणाला. अंगावर जखम दिसत नव्हती, सूज नव्हती. त्याच्या आजीने वळकटी झटकली तेव्हा खालून मण्यार निघाली. मण्यार अशीच चावते, जमिनीवर झोपलेल्याला, आणि चावल्याचं कित्येकदा कळतही नाही. विष नसांवर चढतं, पापण्या जड होतात, मग गिळता येत नाही, मग श्वास. रुग्णवाहिकेला फोन लागला, पण ती दुसरा रुग्ण घेऊन गेलेली होती. मुलाच्या बापाने पोराला मोटारसायकलवर मध्ये बसवून भाऊंचं दार गाठलं.

मी शेजारीच राहतो, आवाजाने उठलो आणि मागे बसलो. गाडी वळवावी लागली नाही. नारिंगी दिव्यासाठी त्या रात्री भाऊ थांबले की नाही मला आठवत नाही. ती एका चावीत सुरू झाली एवढं आठवतं. शहापूरपर्यंत पाऊस होता. बाप मुलाला सारखा नावाने हाक मारत होता, आणि मुलगा आधी "ओ" म्हणत होता, मग नुसतं हुंकारत होता. डावं मागचं दार बाहेरून कुणीतरी उचलून न लावताच लोटलं होतं, ते वाटभर खडखडत राहिलं, मी ते हाताने धरून बसलो होतो. उपजिल्हा रुग्णालयात प्रतिविष सुरू झालं, आणि पहाटे त्याला व्हेंटिलेटर असलेल्या ठाण्याच्या रुग्णालयात हलवलं. आठव्या दिवशी तो घरी आला. आज तो किन्हवलीच्या रस्त्याने सायकल चालवत शाळेत जातो.

बापाने भात निघाल्यावर पैसे आणले. भाऊंनी कप्प्यातून वही काढली, उलटी केली आणि मागचं पान उघडून त्याला दाखवलं. तारीख, पाड्याचं नाव, 'साप, शहापूर', आणि पुढचा रकाना कोरा. "हितं आकडा लिहीत नाय मी," ते म्हणाले. त्या बाजूची बावीस पानं तेव्हा भरलेली होती. बाळंतपणं, ताप, एक विहिरीत पडलेली म्हातारी, एक विजेचा धक्का. सगळीकडे शेवटचा रकाना कोरा.

अशा गाडीविषयी वाईट बोलणं कठीण जातं. पण २०२३ च्या मे महिन्यात जे झालं तेही याच गाडीचं आहे, आणि ते मी सांगितलं नाही तर ही गोष्ट अर्धी खोटी होईल.

माझ्या मामेबहिणीचं लगीन टोकावड्याच्या बाजूला होतं. भाऊंना त्या दिवशी ताप होता, म्हणून चावी माझ्या हातात आली. चालवणारा माझा मावसभाऊ, परवाना असलेला, हात सफाईदार. भाऊंनी त्याला तिसऱ्या प्रश्नात पास केलं होतं. परत येताना, अंधार पडल्यावर, वळणावर एक म्हैस रस्त्यात आली. मावसभावाने गाडी डावीकडे काढली आणि ती चरात गेली. वेग फार नव्हता. चौकट टिकली, पुढचा भाग बसला, आणि मागच्या बाकडीवर आडवी बसलेली माझी मावशी समोरच्या सीटवर आपटली. तिच्या मांडीचं हाड मोडलं. मागच्या त्या आडव्या बाकड्यांवर ना पट्टा होता, ना धरायला काही.

पोलिसांनी विचारलं तेव्हा मामांनी सरळ सांगितलं, गाडी भाड्याने घेतली होती. त्यांनी खोटं का बोलावं? पण जबाबातल्या त्या एका शब्दाने पुढचं सगळं ठरलं. खासगी गाडीच्या विम्याच्या कागदावर 'वापराची मर्यादा' असा भाग असतो, आणि त्यात भाड्याने किंवा मोबदला घेऊन केलेला वापर वगळलेला असतो. कागद कप्प्यातच होता, वहीच्या शेजारी. आमच्यापैकी कुणी तो तिथवर वाचला नव्हता. विमा कंपनीने दुरुस्तीचा दावा फेटाळला आणि मावशीच्या इजेची जबाबदारीही घेतली नाही. मी त्या कंपनीवर फार काळ चिडून होतो. नंतर शांतपणे वाचल्यावर मला मान्य करावं लागलं की कागदावर जे लिहिलं होतं तेच त्यांनी केलं.

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जाता आलं असतं. अशा काही प्रकरणांत आधी विमा कंपनीने भरावं आणि मग ते मालकाकडून वसूल करावं, असे निकाल लागतात. म्हणजे फिरून ओझं येणार ते भाऊंच्या दोन एकरांवर. वकिलांनी हे समजावून सांगितलं तेव्हा मावशी खाटेवर पडून ऐकत होती. पायात सळई होती. ती म्हणाली, "म्हंजे केस करायची ती भाऊवर?" वकील हो म्हणाले. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. आम्ही कागदावर सही केली नाही.

भाऊ ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पन्नास हजार घेऊन आले होते. आम्ही ते घेत नव्हतो, त्यांनी ते मावशीच्या उशीखाली ठेवले. गाडीची दुरुस्ती आम्ही केली, तीही त्यांना न विचारता. दोन्ही घरांनी आपापली जबाबदारी ओळखून उचलली, गावात याचं कौतुकही झालं. मला मात्र त्या कौतुकाचा त्रास होत होता. मावशी अजून काठी घेऊन चालते. जिथे सगळे ओळखीचे आहेत तिथे जखमी माणसाला हक्काने पैसे मागायला समोर कुणी परका उरत नाही. मागायचे तर आपल्याच माणसाकडे, म्हणून ती मागत नाही. बंपरचा पोचा ओळखीवर सोडून देता येतो, मांडीचं हाड येत नाही.

मग मी कायदा वाचला. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या ६६ व्या कलमाप्रमाणे भाडं घेऊन प्रवासी न्यायचे तर परवाना लागतो, आणि परवान्याच्या गाडीची पाटी पिवळी, अक्षरं काळी. परवान्याशिवाय भाडं मारताना सापडलात तर कलम १९२-अ. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच खेपेला दहा हजारांचा दंड, शिवाय सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. याच कलमात पुढे एक पोटकलम आहे, ते वाचताना मला चिंचेखालची गाडी दिसली. आजारी किंवा जखमी माणसाला तातडीच्या वेळी नेलं तर ही शिक्षा लागू नाही. गाडी वापरणाऱ्याने सात दिवसांच्या आत परिवहन प्राधिकरणाला तसं कळवायचं. म्हणजे वहीच्या मागच्या बाजूची पानं कायद्याला मान्य आहेत. अडचण आहे ती पुढच्या बाजूच्या पानांची.

मी हे भाऊंना सांगितलं. ते बराच वेळ गाडीचा बोनेट पुसत राहिले. मग म्हणाले, "पिवली पाटी लावली त ती टॅक्सी झाली. मग रातचा कोनी दार वाजवायला येनार त त्याला वाटंल, भाडा लागंल. पैसं नाय त्या घरचा मानूस येनारच नाय." मला यावर लगेच काही बोलता आलं नाही. पांढऱ्या पाटीमागे कर चुकवण्याची हुशारी असेल असं लोकांना वाटतं. भाऊंच्या बाबतीत ती भीती होती, दार न वाजण्याची.

पण मामांचा जबाब आणि मावशीची काठी त्यांच्याही डोळ्यांसमोर होती. २०२४ च्या शेवटी त्यांच्या मुलाने कर्ज काढून दुसरी गाडी घेतली, आणि ती घेतानाच टॅक्सी म्हणून नोंदवली. मोटार कॅब म्हणून चालक सोडून सहा प्रवाशांपर्यंत नेता येतं. मुलाचा गाडी चालवण्याचा परवाना साध्या हलक्या वाहनाचा होता. त्यावर टॅक्सी चालवता येते का, याची त्याला चिंता होती. साडेसात टनांच्या आतल्या प्रवासी वाहनासाठी वेगळा परवाना लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलं होतं, आणि घटनापीठाने ते ६ नोव्हेंबर २०२४ ला कायम केलं. विम्याचा हप्ता जास्त बसतो. पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी गाडी तपासून घ्यावी लागते. पण आत बसलेल्या माणसाचं हाड मोडलं तर त्याला भाऊंवर केस करायची पाळी येत नाही, विमा कंपनी हक्काने समोर असते. लग्नं, स्टेशन, टिटवाळा, म्हसा, सगळी भाडी आता ती गाडी घेते, आणि चालवायला मुलगा किंवा भाऊ असतात. चावी आता कुणाच्या हातात देत नाहीत. गावाला हे सुरुवातीला खटकलं. "आमच्यावर इश्वास नाय काय?" असं दोघा-तिघांनी विचारलंही. भाऊंनी त्यांना विम्याचा कागद उघडून ती ओळ दाखवली.

बोलेरो पांढरीच आहे. तिच्यात घरचं सामान, शेतातली बायामाणसं, दहावीची पोरं जातात, आता पैसे न घेता. आणि रात्रीचं दार. वहीच्या पुढच्या बाजूला तिची शेवटची नोंद टोकावड्याची, तारीख आणि 'मावशी' एवढंच. त्यापुढची पानं कोरी आहेत. मागच्या बाजूने ती भरत चालली आहे. मावशीच्या सांगण्यावरून मागच्या आडव्या बाकड्यांवर आता आजारी माणसाचा सोबतीही बसत नाही. तिथे गादी घातली आहे.

शहापूर-मुरबाडच्या गावागावांत चिंचेखाली, वडाखाली अशा पांढऱ्या पाटीच्या गाड्या उभ्या आहेत. त्यांच्या मालकांना माझी हात जोडून विनंती आहे. पहिल्या भाड्याआधी आपल्या विम्याचा कागद शेवटपर्यंत वाचा. महिन्याला चार-पाच भाडी होत असतील तर पुढची गाडी घेताना ती परवान्यासकट घ्या, आणि चालकाशिवाय चावी देऊ नका. आणि घेणाऱ्यांनो, लग्नाला निघताना पाटीचा रंग बघा. पांढरी असेल तर मालकाशी त्याच जागी बोला, तो आपलाच माणूस आहे, म्हणून तर बोलायचं. परिवहन विभागाने तालुक्याच्या गावी महिन्यातून एक दिवस टॅक्सीच्या परवान्यांसाठी शिबिर ठेवलं तर अर्ध्या गाड्यांच्या पाट्या वर्षभरात बदलतील, अशी माझी खात्री आहे.

भाऊंच्या बोलेरोची पंधरा वर्षं २०२७ मध्ये भरतात. तपासणीत ती पास झाली तर पुढच्या पाच वर्षांसाठी नोंदणी वाढवून मिळते, त्यावर पर्यावरण कर भरावा लागतो. भाऊंनी त्यासाठी या वर्षीच्या भाताच्या पैशांतून पाच हजार बाजूला काढले आहेत, आणि डावं मागचं दार नाक्यावरच्या वेल्डरकडून दुरुस्त करून घेतलं आहे.